खोड नसलेला घोडा

सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीच्या काठावर,
गुलशेर तडवीचा तंबू लागायचा
घोडेबाजाराच्या पलीकडे, लिदीचा वास जिथं संपतो
आणि जिलेबीचा सुरू होतो, बरोबर तिथं.
मी रिळं उलटी गुंडाळायचो.
आठ आणे रोज, आणि एक वेळची कळण्याची भाकर.

मोठ्या चित्राआधी तो एक छोटं रीळ लावायचा,
सात मिनिटांचं, काळंपांढरं, मुकं,
परदेशातलं, भंगारात किलोवर घेतलेलं.
डब्यावरचं नाव गंजानं खाल्लं होतं.
त्यात एक घोडा.

घोडा म्हणजे काय, रबरी नळीला चार टापा.
मान ओढली की विहिरीच्या दोरासारखी लांब व्हायची,
शेपूट उपटून तो त्याची छत्री करायचा,
कड्यावरून पडला की चपटा,
फुंकर मारली की पुन्हा उभा, आणि नाच.
त्याच्याबरोबर झाडं नाचायची, चूल नाचायची,
चंद्रसुद्धा दात काढून.

पहिल्या रात्री तंबू हसला.
दुसऱ्या रात्री मुलं हसली.
तिसऱ्या रात्रीपासून लोक तेवढ्या वेळात
बाहेर जाऊन विडी ओढून यायला लागले.

गुलशेरला ते लागलं.
कार्बनच्या कांड्या बदलून पाहिल्या,
पडदा ओला करून पाहिला,
एकदा तर पडद्यापाशी ढोलकीवाला बसवला.
ढोलकी आवडली लोकांना.

मग एका थंडीच्या रात्री पुढं येऊन बसले
दोंडाईच्याकडचे दरबारसिंग गिरासे,
चाळीस वर्षं घोड्यांच्या तोंडात हात घातलेला माणूस.
सात मिनिटं पापणी हलली नाही त्यांची.
मग मशीनपाशी येऊन म्हणाले,
"भो, हाऊ घोडा कोनी लेत नही."

विकायचा थोडाच आहे, गुलशेर म्हणाला, दाखवायचा आहे.

"एकच ते. याले भोवरा कोठे शे?"

आणि खाली बसून, मातीत काठीनं रेघा मारत,
सांगू लागले त्यांच्या एका घोडीचं.
डाव्या कानावर चुन्याचा शिंतोडा उडाल्यासारखा डाग.
पाण्याला भ्यायची.
घोटाभर ओढा ओलांडायला अर्धा तास,
तोवर वराती खोळंबलेल्या, नवरदेव घामाघूम.
विकून तेवीस वर्षं झाली तिला,
अजून वरूळची माणसं रस्त्यात अडवून विचारतात,
ती पाण्याले भ्यायची, ती कोठे शे आते?

ह्याला कशाचं भय नाही.
पडतो, लागत नाही. खातो, पण भूक कुठाय?
आणि चूलही नाचते म्हटल्यावर
ह्याचं नाचणं वेगळं कसं काढायचं?
उठताना धोतर झटकत म्हणाले,
"बिनखोडीचा शे. बिनखोडीचा घोडा
दावणीले ऱ्हास, ध्यानमा ऱ्हास नही."

त्या रात्री खेळ सुटल्यावर
गुलशेरनं रीळ पुन्हा चढवलं,
रिकाम्या तंबूत, जनरेटरचं तेल जाळून.
मला म्हणाला, तुझे डोळे कोवळे आहेत. शोध.
एखादा तरी भोवरा असेल.

दोनदा पाहिलं. नव्हता.
तिसऱ्यांदा, कडा आला तेव्हा, मला दिसलं:
पडायच्या आधी, एवढ्याशा वेळात,
घोड्याची बाहुली खाली घसरते.
काढणाऱ्याचा हात दमला असेल,
किंवा दुसऱ्याच कुणी काढलं असेल तेवढं एक चित्र.
पण त्यानं खाली बघितलं होतं.
किती खोल आहे ते.

थांबव, मी ओरडलो.
त्यानं थांबवलं.

थांबवायचं नसतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.
पडद्यावर तो डोळा आधी तपकिरी झाला,
मग फोडासारखा फुगला,
मग तिथं नुसता उजेड.

गुलशेर काही बोलला नाही.
कातरीनं जळकं कापलं, दोन टोकं चिकटवली,
बोटावर फुंकर घातली.
सकाळी मी रीळ गुंडाळून डब्यात ठेवलं.

यात्रेचे उरलेले चार दिवस
घोडा खाली न बघताच पडायचा.